कथेतील ध्वनीचा अधिकार

लहानपणी गावच्या विठ्ठलमंदिरात चातुर्मासातील जी कीर्तने ऐकली, त्यांतील आख्यानांचे तपशील आता बहुतेक विस्मृतीत गेले आहेत. परंतु आख्यान करुण प्रसंगापाशी आले म्हणजे बुवा साथीदारांकडे न पाहता केवळ डावा हात किंचित वर करीत, तबला थांबे, झांजा थांबत, पेटीचा एकच स्वर मागे रेंगाळत राही आणि त्या स्वराच्या आधाराने बुवा अगदी खालच्या पट्टीत पुढचे वाक्य उच्चारीत, तो क्षण मात्र आजही कानांत जसाच्या तसा आहे. कोठे वाजवावे यापेक्षा कोठे थांबवावे हे कथेकऱ्याला अगोदर कळले पाहिजे, हे त्या बुवांना कोणत्याही शास्त्राच्या अध्ययनावाचून उमगले होते. आज आपल्याकडील चित्रपटांतून, आणि विशेषतः रोज रात्री घरोघरी लागणाऱ्या मालिकांतून, हे भान झपाट्याने नाहीसे होत आहे, अशी माझी तक्रार आहे.

मालिकेत एखाद्या पात्राने भुवई उंचावली की एक प्रचंड आघात होतो. तोच चेहरा तीन बाजूंनी दाखविला जातो आणि तोच आघात तीन वेळा कानांवर आदळतो. भीती वाटण्यापूर्वीच भिण्याचा हुकूम सुटतो, आणि दुःख उमलण्यापूर्वीच व्हायोलिने रडू लागतात. यात अभिरुचीचा प्रश्न आहेच; पण मला अधिक सलते ते वेगळेच. आपल्या घरांत मालिका जितकी पाहिली जाते, त्याहून कितीतरी अधिक ती ऐकली जाते. कोणी भाजी निवडीत असते, कोणी पोळ्या लाटीत असते, आणि पडद्याकडे पाठ करून कथा कानांनी अनुसरली जाते. अशा श्रोत्यासाठी तरी ध्वनीची निवड जपून व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात कोल्हापूरचा वाडा आणि मुंबईतील सदनिका या दोहोंचा आवाज एकच असतो, कारण दोन्ही ठिकाणी ऐकू येते ते केवळ पार्श्वसंगीत. वाड्याच्या चौकातील रहाटाची कुरकुर, शेजारच्या बिऱ्हाडातील कुकरची शिट्टी, दुपारच्या वेळी बोहारणीची लांबून येणारी हाक, यांतले काहीही त्या कथेच्या दप्तरी नोंदलेले नसते; मग घर कोठले आणि वेळ कोणती, हे त्या श्रोत्याला कळावे कसे?

हे दारिद्र्य आपल्या परंपरेतून आलेले नाही, याचा सबळ पुरावा पुण्यातच आहे. 1937 साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' हा बोलपट काढला. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 सालचा. म्हणजे मराठी पडद्याला वाचा फुटून जेमतेम पाच वर्षे झाली होती, आणि मिळालेली वाचा मिरविण्याचा मोह किती अनावर असेल याची कल्पना करता येते. अशा वेळी शांताराम यांनी 'कुंकू'मधून पार्श्वसंगीत काढून टाकले. गाणी ठेविली, कारण शांता आपटे यांच्यासारखी गायिका नायिका असता ती वगळण्याचे कारण नव्हते. परंतु त्या गाण्यांना साथ द्यावयाची ती प्रसंगात जे उपलब्ध असेल त्याचीच, असा दंडक घातला, आणि संगीताची धुरा वाहणाऱ्या केशवराव भोळे यांनी तो सांभाळला. स्वतः संगीतज्ञ असलेल्या माणसाने आपल्या वाद्यवृंदाला बाहेर बसविण्यास मान्यता द्यावी, यातील औदार्य मला फार मोठे वाटते.

या निर्बंधातून कथेला काय लाभले ते पाहावे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेली ही कथा, वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात फसवून बांधल्या गेलेल्या आणि ते लग्न मनाने कदापि न स्वीकारणाऱ्या नीराची. केशवराव दाते यांनी उभे केलेल्या काकासाहेबांच्या त्या घरात भिंतीवर एक जुने घड्याळ आहे. वाद्यांचा पडदा दूर सारल्यामुळे त्या घड्याळाची टिकटिक घराचा श्वास होते. काकासाहेबांचे सरत आलेले आयुष्य आणि नीराचे फुकट चाललेले तारुण्य, या दोहोंचा हिशेब तो एकच आवाज मांडीत राहतो. हेच घड्याळ सारंगीच्या आलापाखाली दडपले असते तर ते भिंतीवरच राहिले असते, कथेत आले नसते. 'ध्वनिसंकल्पक' या पदाला चित्रपटसृष्टीत प्रतिष्ठा लाभली ती 1979 च्या 'अपोकॅलिप्स नाउ'मधील वॉल्टर मर्च यांच्या कामापासून, असे सामान्यतः मानले जाते. परंतु पद नसतानाही ते काम त्यापूर्वी चार दशके आपल्याकडे झाले होते.

आवाज वास्तवातलाच असावा, असा मात्र माझा आग्रह नाही. ऋत्विक घटक यांच्या 1960 सालच्या 'मेघे ढाका तारा'मध्ये, ज्याच्या आशेवर नायिका नीता जगत आली त्याच्या खोलीत आपल्याच बहिणीची चाहूल लागून ती जिना उतरू लागते, तेव्हा चाबकाचे फटकारे ऐकू येतात. त्या घरात चाबूक कोठेही नाही. तरीही तो ध्वनी खोटा वाटत नाही, कारण तो प्रेक्षकाला रडण्याची आज्ञा करीत नाही. नीतेच्या अंगावर जे पडत आहे तेच तो उच्चारतो.

आणि त्याहून अलीकडचे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या 'फँड्री'चे. गावच्या शाळेजवळ शाळकरी जब्याचे सारे कुटुंब डुकराच्या मागे धावत आहे, डुक्कर जवळजवळ हाती आले आहे, आणि तोच शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येऊ लागतात. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्यामागोमाग घरची माणसे उभी राहतात; डुकराला असले बंधन नसल्यामुळे ते निघून जाते. ज्या शाळेत जब्याला समतेचे धडे मिळतात तिचाच आवाज कुंपण ओलांडून येतो आणि त्याला त्याच्या लाजेच्या ऐन मध्यावर सन्मानाने उभे करतो; राष्ट्र, जात आणि पोट यांचा एवढा गुंता एकाही संवादावाचून केवळ दुरून आलेल्या एका आवाजाने उलगडावा, याहून समर्थ कथन मी मराठी पडद्यावर क्वचितच अनुभवले आहे. हा आवाज संकलनानंतर सुचलेला असणे शक्य नाही. प्रसंगच त्याच्यावर उभा आहे.

माझे म्हणणे नेमके येथे आहे. आपल्याकडे शिरस्ता असा की लेखकाने मसुदा लिहावा, चित्रीकरण व्हावे, कापाकापी व्हावी आणि शेवटी, अंदाजपत्रकातील रक्कम व मुदत दोन्ही संपत आल्यावर, ध्वनीच्या माणसाला पाचारण करावे. त्याऐवजी ध्वनिसंकल्पकाला संहितावाचनाला बोलवावे, आणि लेखकाने प्रत्येक प्रसंगाच्या शिरोभागी स्थळ व वेळ जशी लिहावयाची तसा तेथे ऐकू येणारा आवाजही लिहावा. याला खर्च नाही. जाणत्या माणसांची वाणही नाही. ज्या प्रभातच्या आवारात 'कुंकू' घडला तेथेच आज भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था ध्वनिमुद्रणाचे शिक्षण देते, आणि 2009 साली ऑस्कर मिळविणारे रसूल पूकुट्टी तेथूनच शिकून बाहेर पडले.

चित्रीकरणाच्या स्थळी एक जुनी रीत आहे. प्रसंग आटोपला की ध्वनिमुद्रक सर्वांना अर्धा-एक मिनिट हालचाल न करता उभे राहण्याची विनंती करतो आणि त्या खोलीचा स्वतःचा आवाज टिपून घेतो: भिंतींचा, खिडकीबाहेरच्या झाडाचा, लांबच्या रस्त्याचा. पुढे संवादांमधील विराम याच आवाजाने भरले जातात. तो नसेल तर तेथे पोकळी राहते, आणि ती बुजविण्यासाठी मग वाद्ये बोलवावी लागतात. वेळ जातो म्हणून, दिवे मिटवायचे आहेत म्हणून, जेवणाची सुट्टी झाली म्हणून बहुधा हेच एक मिनिट त्याला नाकारले जाते. निर्मात्यांनी निदान तेवढे तरी त्याला द्यावे.