आम्हाला गावात ठेवून गाव राखा : कांदोवानच्या ग्रामस्थांचे मागणीपत्र

प्रति,
प्रांत प्रशासन, तसेच वारसा व पर्यटन खात्याचे अधिकारी

विषय : गुहाघरांची दुरुस्ती, सांडपाणी, पर्यटन आणि नवे बांधकाम

महोदय,

तबरीझच्या दक्षिणेला, सहंद पर्वताच्या उतारावर आमचे गाव आहे. ज्वालामुखीची राख थिजून झालेल्या खडकाला ऊन-वारा-पावसाने सुळक्यांचा आकार दिला आणि आमच्या पूर्वजांनी ते सुळके आतून कोरून घरे केली. या घरांना आम्ही ‘करान’ म्हणतो. खाली गोठा, वर राहत्या खोल्या, अशी त्यांची जुनी रचना. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा असतो आणि इथल्या लांबलेल्या हिवाळ्यात थोड्या जळणावर भागते. २००६ च्या जनगणनेत गावात १६८ कुटुंबे आणि ६०१ माणसे होती. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत कांदोवानचे नाव घातले. वस्ती नांदती आहे म्हणूनच हे नाव झाले, असे आमचे ठाम मत आहे.

गुहाघरांतून माणसे हलवली की काय होते, हे जगाने पाहिले आहे. इटलीतल्या मातेरा शहराच्या गुहावस्तीतून १९५२ च्या कायद्याने सुमारे पंधरा हजार लोकांना बाहेर काढले गेले. १९९३ मध्ये ती जागा जागतिक वारसा ठरली. आज तिथल्या कितीतरी गुहांत हॉटेले आहेत. तुर्कस्तानातले झेल्वे गाव दरडींच्या भीतीने त्याच काळात रिकामे झाले आणि आता ते तिकीट काढून पाहण्याचे संग्रहालय आहे. झेल्वेचा धोका खरा होता, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच आमच्याकडे तशी पाळी येण्याआधी काम सुरू व्हावे, ही विनंती.

सर्वांत तातडीचा प्रश्न पाण्याचा आहे. हा खडक मऊ आहे, पाणी शोषतो. मुरलेले पाणी थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पूर्वी घरात पाणी भांड्याने यायचे. आता नळ आहेत, न्हाणीघरे आहेत, आणि ती आम्हाला हवीतच. पण नळ आला तिथे सांडपाणी बंद नळातून सुळक्याबाहेर नेण्याची सोयही हवी. ही कामे प्रशासनाने स्वखर्चाने करावीत. एकेका कुटुंबावर ती सोडली, तर वरच्या घराची गळती खालच्या घराच्या छतात उतरते आणि शेजाऱ्यांत भांडणे लागतात. भेगा सिमेंटने बुजवल्या की ओल आतच कोंडते, म्हणून ओल बाहेर पडू देणारा गिलावा ठरवून द्यावा. त्याचे काम गावातल्या तरुणांना शिकवावे आणि दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. प्रत्येक सुळक्याच्या भेगांची दरवर्षी हिवाळ्याआधी पाहणी व्हावी आणि तिचा अहवाल घरमालकाच्या हाती पडावा.

पर्यटकांना आमचा विरोध नाही. मध, सुका मेवा, रानातल्या औषधी वनस्पती विकून अनेक घरे चालतात. मात्र गाड्या गावाबाहेर थांबाव्यात, राहत्या घरांच्या पायवाटांवर गर्दीच्या दिवशी मर्यादा असावी आणि प्रवेशशुल्क घेतले जात असेल तर त्यातला ठरावीक हिस्सा थेट दुरुस्तीसाठी यावा. त्याचा हिशेब गावात सर्वांना दिसेल असा लावावा.

कोणतेही राहते करान हॉटेलसाठी देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी. नवी बांधकामे सुळक्यांच्या पायथ्यापासून दूर असावीत. गोठे काढायचे असतील, तर आधी जवळच पर्यायी जागा द्यावी; जनावरे गेली की दूध-दुभत्याचा धंदा जातो आणि त्यामागोमाग माणूसही तबरीझला जातो.

या मागण्यांवर गावात येऊन चर्चा करावी आणि सांडपाण्याच्या कामाची तारीख येत्या हिवाळ्याआधी लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
कांदोवानचे ग्रामस्थ