परंपरेचा पुरावा आणि गरिबाची खरूज

१९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीवरील पेटंट रद्द केले, तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले. जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे हे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवून ते मोडून काढले. जनतेच्या ज्ञानावर मालकी सांगण्याचा डाव उधळला गेला, हे उचितच झाले. परंतु हळदीचा हा उपयोग जुना आहे, एवढेच तेथे सिद्ध झाले. तो कितपत गुणकारी आहे, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. खरजेचे उदाहरण घ्यावे. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होणारा हा रोग दाटीवाटीने राहणाऱ्यांत पसरतो; म्हणजेच तो झोपडपट्टीचा, आश्रमशाळेचा, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचा रोग आहे. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या तर मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याची गणना उपेक्षित रोगांत केली.

या रोगावर कडुनिंब व हळद यांचा लेप परंपरेने वापरला जातो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात हा लेप ८१४ रुग्णांना लावण्यात आला आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची नोंद झाली. आकडा आशादायक आहे, निर्णायक नाही. नेहमीचे औषध घेणाऱ्या रुग्णांशी काटेकोर तुलना केल्याखेरीज त्या यशातील लेपाचा वाटा ठरवता येत नाही. शिवाय हळदीने काहींच्या त्वचेचा दाह उलट वाढतो, हेही वैद्यकाला ठाऊक आहे.

मग अशा चाचण्या करणार कोण? ज्या वस्तूवर मक्तेदारी मिळवता येत नाही, तिच्या परीक्षणावर खाजगी भांडवल पैसा ओतत नाही. कडुनिंब तर बांधाबांधावर उभा आहे. त्याचे नाव छापलेला साबण विकण्यात नफा आहे. त्याचा पाला खरोखर उपयोगी पडतो काय, हे तपासण्यात नाही. म्हणून ही जबाबदारी सार्वजनिक निधीचीच ठरते. २०१४ पासून देशात स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. परंपरेच्या गौरवापेक्षा परंपरेची परीक्षा हे त्याचे मुख्य कार्य असले पाहिजे, आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध झाले पाहिजेत.

परंपरेला प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि पाल्याचा लेप लावणारी आदिवासी स्त्री अडाणीही नव्हे. तिच्या अनुभवाचा खरा सन्मान त्याची कसून तपासणी करण्यातच आहे. मात्र तोवर ‘घरगुती उपाय आहेतच’ या सबबीखाली शासनाला हात झटकू देता कामा नये. परमेथ्रिनचे मलम प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाले पाहिजे, घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत, आणि वस्तीला पुरेसे पाणी व माणसाला राहण्याजोगी जागा मिळाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी या मागण्या आणि चाचण्यांची मागणी एकाच निवेदनात मांडावी. त्या परस्परविरोधी नाहीत. गरिबाला खात्रीचे औषध मिळण्याचा हक्क हाच दोहोंचा पाया आहे.