चारचौघांसारखा उमेदवार

आपल्याकडे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याची पारख 'नीट' ही एकच परीक्षा करते. ७२० पैकी गुण किती पडले, एवढेच तेथे पाहतात. संध्याकाळी तो काय करीत असे, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेत मात्र नेमके तेही विचारतात. आणि आपल्यांतील पुष्कळांची आतेमामेभावंडे तिकडे वाढत असल्यामुळे हा विषय आम्हांस परका वाटत नाही.

तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे दार सामान्यतः चार वर्षांच्या पदवीनंतर उघडते. एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा आहेच. शिवाय बहुतेक महाविद्यालयांसाठी असलेल्या सामाईक अर्जात अधिकांत अधिक १५ उपक्रम नोंदवावयाचे असतात. प्रत्येकाचे वर्णन ७०० अक्षरांत, तेही मधल्या रिकाम्या जागा धरून! त्यांतील तीन विशेष महत्त्वाचे म्हणून निवडता येतात व त्यांसाठी आणखी १,३२५ अक्षरे मिळतात. दरसाल ५०,००० हून अधिक उमेदवार हा अर्ज भरतात. मग ज्याने रुग्णालयात चाकांच्या खुर्च्या ढकलल्या आणि धाकट्या मुलांना गणित शिकविले, त्याला वाटते, 'माझ्यासारखे हजारो. माझ्याकडे कोण पाहणार?'

ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तीपोटी तो पंधराही रकाने कशाबशाने भरू लागतो, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. दोन वर्षे दर शनिवारी खुर्ची ढकलणाऱ्या मुलाने काय पाहिलेले असते? क्ष-किरणांच्या खोलीकडे जाताना माणूस आजाराविषयी न बोलता घरच्या कुत्र्याविषयी का बोलतो, कोणाला न्यावयास कोणीच येत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याने 'रुग्णसेवा केली व सहानुभूती शिकलो' असे लिहिले, तर ते वाक्य कोणाचेही असू शकते. त्या न बोललेल्या आजाराविषयी लिहिले, तर ते केवळ त्याचेच. काम साधे असते. ते पाहणारा साधा असलाच पाहिजे असे नाही.

काही श्रीमंत घरची मुले उठून दिसण्यासाठी गरीब देशांत आठवडा-दोन आठवडे 'वैद्यकीय सेवे'ला जातात. शिक्षणाबाहेरचे उपचार तेथे हाताळू नयेत, असे अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेलाच मार्गदर्शन करावे लागले आहे. दुसऱ्याच्या दुखण्यावर हात साफ करून प्रवेश मिळविणे आम्हांस तरी शोभादायक वाटत नाही.

याच देशात १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. महाविद्यालयीन शिक्षण नव्हते, पदके नव्हती. होती ती एक पाहिलेली गोष्ट : आपल्याकडील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगत नाहीत. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली एम.डी. ही पदवीही.

आता एक घरगुती गोष्ट. दुकानात गल्ल्यावर बसणे किंवा घरोघर सामान पोहोचविणे ही कामे अर्जात दाखवू नयेत, ती कमीपणाची, असे सांगणारी वडीलधारी मंडळी तिकडच्या मराठी घरांतही असतील. पण त्या अर्जात वैद्यकाशी संबंध नसलेल्या पगारी नोकरीसाठी स्वतंत्र वर्गच ठेवलेला आहे, आणि कामाचे तास नोंदविण्याचीही सोय आहे. तेव्हा काका-मामांनी तेवढे तास मुलाला बिनदिक्कत लिहू द्यावेत.