गुलामगिरी गेली, पुढें काय?

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, अमेरिकेंतील काळ्या गुलामांना दास्यमुक्त करण्यास झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या मुक्त झालेल्या लोकांचें पुढें काय झालें, हें फार थोडे विचारतात.

१८६१ ते १८६५ पर्यंत उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी माजली. दक्षिण हरली, आणि डिसेंबर १८६५ त गुलामगिरी घटनेनें बंद झाली. सुमारें ४० लक्ष माणसें मोकळीं झालीं. पण हातीं ना जमीन, ना अक्षर. जनरल शर्मन यानें जानेवारी १८६५ त समुद्रकांठची जमीन दर कुटुंबास ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला होता. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सननें ती बहुतेक जुन्या मालकांस परत देवविली. मग कालच्या धन्याच्याच शेतांत वांट्यानें राबणें आलें, आणि दुकानदाराच्या वहींत चढलेलें नांव उतरेना. हें दुःख आमच्या शेतकरी बंधूंस समजावून सांगावयास नको.

तरी ते लोक खचले नाहींत. पूर्वीं दक्षिणेंत पुष्कळ ठिकाणीं गुलामास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. आतां म्हातारीं माणसेंहि पोरांशेजारीं बसून अक्षरें गिरवूं लागलीं. १८६८ त नागरिकत्व व १८७० त पुरुषांस मताचा हक्क घटनेंत आला. त्याच वर्षीं मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सेनेटांतील पहिले काळे सभासद झाले. काळ्यांच्या मतांवर उभ्या राहिलेल्या सरकारांनीं दक्षिणेंत सार्वजनिक शाळा काढल्या. त्यांचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांसहि झाला!

हेंच वरिष्ठांस खुपलें. कु क्लक्स क्लॅनचे बुरखेवाले रात्रीं निघत, शाळा जाळीत, शिक्षकांस फटके मारीत, मतदारांचे खून पाडीत. अखेर १८७७ सालीं, अध्यक्षाच्या निवडणुकीचा तंटा मिटतांना, तेथील सरकारांच्या रक्षणास असलेली फौज मागें घेण्यांत आली. उत्तरेच्या व दक्षिणेच्या गोऱ्यांनीं हात मिळविले. राष्ट्र एक झालें खरें. पण त्या एकीची किंमत काळ्यांच्या हक्कांतून वळती झाली. १८९० त मिसिसिपीनें मतदारास वाचनाची परीक्षा लावली. ज्यांची शाळा जाळली, त्यांसच ‘तुम्ही अडाणी’ म्हणून मत नाकारलें! मुलांस अक्षर शिकविणाऱ्या आम्हांस ही गोष्ट सर्वांत झोंबते. त्या मताचें खरें रक्षण करणारा कायदा १९६५ त झाला. म्हणजे १८७७ पासून ८८ वर्षांनीं.

एकी नको, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ‘झालें गेलें विसरा, एक व्हा’ असा उपदेश जो करील, त्यास प्रत्येकानें तीन प्रश्न अवश्य विचारावे: जमीन कोणाकडे राहिली? शाळा कोणास उघडी आहे? आणि मत देऊन माणूस सुखरूप घरीं येतो काय? यांचें उत्तर मिळेपर्यंत बेडी तुटली असें समजूं नये. ती फक्त पायांतून काढून नजरेआड ठेवलेली असते.