भाजल्यावर लावायची ट्यूब घरात आहे? टोपण उघडण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी वडोदऱ्याला मावशीकडे गेले होते. चकल्या तळताना कढईतलं तेल उडालं आणि मावशीचं मनगट भाजलं. घरात एकच धावपळ! कुणी म्हणे हळद लाव, कुणी म्हणे टूथपेस्ट आण. मी मात्र फार हुशारी करत कपाटातून एक अर्धी पिळलेली ट्यूब शोधून काढली. टोपण उघडणार, तेवढ्यात मावशीने हात मागे घेतला.

"अगं थांब! त्यात सल्फा आहे का ते आधी बघ. मला सल्फा चालत नाही."

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गोळीमुळे तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी ती अजून पर्समध्ये ठेवते. मी ट्यूबवरचं नाव वाचलं: सिल्व्हर सल्फाडायझिन १%. सल्फा तिथे नावातच होता! गोळीची ॲलर्जी आणि मलम यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून आज या ट्यूबबद्दलच बोलूया.

ही क्रीम काय करते?

भाजल्यावर त्वचेचं संरक्षण जातं आणि जखमेत जंतू शिरायला वाट मिळते. या क्रीममधली चांदी आणि सल्फाडायझिन हे औषध मिळून जंतूंना रोखतात. खोल भाजलेल्या जखमांसाठी डॉक्टर ती १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरत आले आहेत. पण प्रत्येक भाजण्यावर ती लागतेच असं नाही. लहान, वरवरची जखम या क्रीममुळे उलट हळू भरू शकते, म्हणून आता बरेच डॉक्टर अशा वेळी दुसरं ड्रेसिंग निवडतात.

आधी पाणी, मग बाकी सगळं

भाजलं की तो भाग लगेच नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधीच काढा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. नंतर स्वच्छ, कोरड्या कापडाने हलकं झाका.

डॉक्टरांना दाखवायचं असेल तर त्याआधी क्रीमही लावू नका. या क्रीमचा पांढरा थर बसला की जखम किती खोल आहे ते नीट दिसत नाही.

या लोकांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं

- सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आहे किंवा पूर्वी कधी त्रास झाला आहे.
- गरोदर आहात, विशेषतः शेवटचे महिने सुरू आहेत, किंवा बाळ अंगावर पितं.
- जखम २ महिन्यांपेक्षा लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झाली आहे. इतक्या लहान बाळांमध्ये सल्फामुळे कावीळ वाढून मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.
- जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे. अशांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे.

"बाहेरून तर लावायचंय, त्यात काय!" असं आपण सहज म्हणतो. पण भाजलेल्या जागेतून औषध रक्तात जातं. जखम जितकी मोठी, तितकं जास्त औषध आत जातं.

डॉक्टरांनी दिली असेल तर लावायची कशी?

१. हात साबणाने धुवा. शक्य असेल तर निर्जंतुक हातमोजे घाला.

२. आधीचा थर पाण्याने हळुवार धुऊन काढा. जुन्या थरावर नवा थर नको.

३. साधारण दीड मिलीमीटर जाडीचा थर द्या. चोळू नका. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका.

४. दिवसातून १ की २ वेळा, ते डॉक्टर सांगतील तसं. मध्येच पुसली गेली तर पुन्हा लावा.

५. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांजवळ विचारल्याशिवाय लावू नका. चांदीमुळे त्वचेवर राखाडी डाग राहू शकतो. लावलेला भाग उन्हापासून झाका.

काही दिवसांनी जखमेवर पिवळसर, चिकट पापुद्रा दिसू शकतो. तो पू वाटतो आणि आपण घाबरतो. अनेकदा तो क्रीम आणि जखमेतला द्रव मिळून तयार झालेला असतो. खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

क्रीम लावल्यावर अंगावर पुरळ, खाज, फोड किंवा तोंडात चट्टे आले, ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर क्रीम धुऊन टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर ११२ वर फोन करा.

जखमेभोवती लाली पसरत असेल, वास किंवा पू येत असेल, तर थांबू नका. तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रियावरची जखम, वीज किंवा रसायनाने भाजणं आणि लहान मूल भाजणं, यांत घरगुती प्रयोग अजिबात नको.

आणि ती कपाटातली जुनी ट्यूब?

पॅकवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. रेघ नसली तरी शेजारणीला चाललेली ट्यूब तुम्हाला चालेलच असं नाही. एक्सपायरीची तारीख बघा. उघडल्यावर किती दिवस वापरायची ते पॅकवर वाचा. क्रीम काळपट पडली असेल तर टाकून द्या.

मावशीचं पुढे काय झालं? २० मिनिटं नळाखाली हात, वर स्वच्छ सुती कापड आणि तडक दवाखाना. डॉक्टरांनी तिची चिठ्ठी वाचून सल्फा नसलेलं ड्रेसिंग केलं. दोन आठवड्यांत मनगट बरं झालं. चकल्या मात्र त्या वर्षी मी तळल्या, आणि त्या कशा झाल्या ते न विचारलेलंच बरं!

आज रात्री जेवणं झाली की एवढं कराच. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुला कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" उत्तर स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावरही लावा. घाईच्या वेळी आठवेलच याचा भरवसा नसतो. मावशीला आठवलं, म्हणून आम्ही वाचलो.