विज्ञानाचा सरकारी पैसा आपल्या कारखान्यापर्यंत का पोहोचत नाही?

विज्ञान, संशोधन असे शब्द दिसले की आपला व्यापारी बांधव पान उलटतो. ते काम प्रयोगशाळेतल्या साहेबांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे त्याला वाटते. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. दुकानदार आणि कारागीर जो कर भरतात, त्याच तिजोरीतून केंद्र सरकारचे विज्ञान व तंत्रज्ञान खाते संशोधनाला आणि विज्ञानशिक्षणाला पैसा देते.

हे खाते 1971 साली सुरू झाले. त्याची रीत साधी आहे. संशोधकाने आपले काम, लागणारी यंत्रे, मदतनीसांचा पगार आणि मुदत कागदावर मांडायची. त्या विषयातले जाणकार तो अर्ज तपासतात. पसंत पडला तर अनुदान मिळते. हे कर्ज नसते. व्याज नाही, परतफेड नाही. फक्त खर्चाचा चोख हिशेब द्यावा लागतो. 2023 च्या कायद्याने या कामासाठी ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था निर्माण झाली. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचे ठरले. त्यात सरकारचा वाटा 14,000 कोटींचा. बाकीचा पैसा उद्योग व देणगीदारांकडून यायचा आहे.

या रीतीत एक मेख आहे. जो लिहितो त्याला मिळते. आपल्या कारागिराचे ज्ञान हातात असते, कागदावर नसते. मालेगाव-भिवंडीचा जॉबर जुन्या मागात असा बदल करतो की सूत कमी तुटते. महिन्याभरात शेजारचे चार कारखाने ती नक्कल करतात. उस्तादाच्या पदरात काय पडते? एक कप चहा आणि ‘वाहवा’!

अशा हुन्नरी माणसासाठी याच खात्याची एक स्वायत्त संस्था आहे. गांधीनगरचे ‘नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन’ 2000 साली स्थापन झाले. कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय, स्वतःच्या अकलेने काही नवे करणाऱ्या शेतकऱ्याची आणि कारागिराची ती नोंद घेते, वस्तू तपासून घेते आणि त्याच्या नावाने पेटंटचा अर्जही करते. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरीचे अब्दुल खादर नडकट्टिन हे शेतकरी. चिंचेतून चिंचोके वेगळे करणारे यंत्र, पेरणीचे यंत्र अशी अवजारे त्यांनी घडवली. 2015 साली या संस्थेने त्यांचा जीवनगौरव केला आणि 2022 साली ते पद्मश्री झाले. प्रयोगशाळा नव्हती, पण काम नोंदले गेले.

मुलांसाठीही वाटा आहे. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ‘इन्स्पायर’ योजनेत वर्षाला 80,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. सहावीपासूनच्या मुलाची नवी कल्पना शाळेने पाठवली आणि ती निवडली गेली, तर नमुना बनवायला 10,000 रुपये मिळतात. हे नाव शाळेनेच पाठवायचे असते. आपल्या मोहल्ल्यातील किती शाळा ते पाठवतात, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारले पाहिजे.

सरकारचा दोषही सांगितला पाहिजे. योजना दिल्लीत ठरतात, माहिती बहुधा इंग्रजीत आणि संगणकावर असते. यंत्रमागांच्या आणि कारागिरांच्या गावांत वर्षातून एकदा तरी अधिकाऱ्यांनी यावे, मराठी-उर्दूत अर्ज भरून घ्यावेत. कर घ्यायला सरकार दारापर्यंत येते, मग अनुदान द्यायला का येऊ नये?

पण सारा दोष सरकारवर टाकून भागणार नाही. पेटंटचा कागद भिंतीवर लावून पोट भरत नाही. माल बाजारात जावा लागतो. तिथे व्यापाऱ्याचे काम सुरू होते. उस्तादाची युक्ती फुकट उचलण्याऐवजी त्याच्याशी लेखी भागीदारी करा. आपल्या व्यापारी संघटनांनी एक वही ठेवावी. कोणी काय नवे केले, कधी केले, चित्रासह लिहावे. शिकलेल्या मुलाने वडिलांच्या हुन्नराचा अर्ज भरावा. तिजोरीत आपला पैसा आधीच गेला आहे. तो परत आपल्या कारखान्यात यावा असे वाटत असेल, तर आधी लेखणी उचलावी लागेल.