खेळाडूचे शील आणि बाळूंचे विस्मरण

पाथरीत इतिहास शिकविताना मी मुलांना पळवणकर बाळूंचे नाव विचारतो, तेव्हा एकही हात वर होत नाही. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तत्पूर्वी पुण्यात हिंदू संघातून खेळताना, चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत कपातून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू मात्र सर्वांच्या हातून एकच फिरत असे! 1920 मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले, तेव्हा बंधू विठ्ठल व शिवराम यांनी माघार घेऊन जाहीर निषेध नोंदविला. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

आपल्या सभांतून बाळूंचा उल्लेख क्वचितच होतो. कारण उघड आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांचे राजकारण मलाही मान्य नाही. परंतु बाळूंच्या सत्कारात तरुण भीमरावांचा सहभाग होता, हेही इतिहासच सांगतो. प्रतिस्पर्ध्याचे मोठेपण नाकारून आपण मुलांना कोणती खिलाडूवृत्ती शिकविणार?

वार्षिक क्रीडास्पर्धांत बाळूंच्या नावे एक पारितोषिक ठेवावे, आणि ते विजेत्यास न देता, पंचाच्या आधी स्वतःच ‘मला स्पर्श झाला’ असे सांगणाऱ्या कबड्डीपटूस द्यावे, असे मी शिक्षकसभेत सुचविले आहे. निर्णय अद्याप व्हायचा आहे.